सराव चोख, बदल्या उशिरा: तालुक्याच्या बास्केटबॉल वर्गाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर बास्केटबॉलचा वर्ग वर्षभर चालतो आणि माझा मुलगा तेथे सतरा वर्षांखालील गटात खेळतो. कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट सोडल्यास मुलांना दुसरा खेळ सहसा दिसत नाही अशा भागात हा वर्ग टिकून आहे, त्यामुळे त्याच्या उणिवा लिहिताना हात थोडा आखडतो. तरीही सामन्यात कोणते पाच जण उतरवायचे आणि त्यांना केव्हा बदलायचे, यावरून पालकांत सतत जो वाद चालतो, त्याची माहिती नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना असलेली बरी.

सरावाबद्दल तक्रारीला जागा नाही. मुलींना सहा क्रमांकाचा आणि मोठ्या मुलांना सात क्रमांकाचा चेंडू वेगळा ठेवलेला असतो. अनेक शाळांत एकच गुळगुळीत झालेला चेंडू सगळ्यांच्या हाती फिरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे मोल कळेल. दोन्ही हातांनी ड्रिबलिंग (चेंडू जमिनीवर आपटत नेणे), ले-अप (धावत जाऊन जवळून बास्केट करणे) आणि बचावात पाय न ओलांडता सरकणे यांवर सर कंटाळा न करता मेहनत घेतात. शुल्क माफक आहे, आणि कापसाचे चुकारे हाती आल्यावर भरले तरी कोणी बोलत नाही.

अडचण सामन्याच्या दिवशी सुरू होते. सरांचे पहिले पाच जण उंचीवर आणि इयत्तेवर ठरतात. बास्केटची कडा जमिनीपासून 3.05 मीटरवर असते, तेव्हा उंचीला महत्त्व द्यावे हे कोणीही मान्य करील. परंतु आपला सर्वांत उंच मुलगा चेंडू गेल्यावर परत धावत नाही आणि प्रतिस्पर्धी संघ नेमका धावणारा असतो, तेव्हा ती उंची दुसऱ्या टोकाच्या रिंगखाली उभी राहून उपयोगाची नाही. 2015 साली एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट हा संघ 1-2 ने मागे असताना प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी उंच अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इगुडालाला पहिल्या पाचांत घेतले. त्या हंगामाच्या नियमित सामन्यांत इगुडाला एकदाही पहिल्या पाचांत उतरला नव्हता. पुढचे तिन्ही सामने संघाने जिंकले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. आमच्याकडे सरावात सर्वांना जेरीस आणणारा एक बुटका, चपळ मुलगा आहे. त्याला मैदान मिळते ते निकाल लागून गेल्यावर.

त्याहून मोठा प्रश्न बदल्यांचा आहे. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार दहा मिनिटांची चार सत्रे असतात, संघात बारा खेळाडू ठेवता येतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. सर मात्र तेच पाच जण जवळजवळ अखेरपर्यंत पळवतात. मार्च संपत आला की विदर्भात दिवस मावळल्यावरही सिमेंट तापलेले असते, आणि तिसऱ्या सत्रात मुलांचे हात गुडघ्यांवर टेकू लागतात. पाय थकले की शॉट आखूड पडतो आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येतो; हे दोन-तीनदा दिसले की बदली करावी, हे बाकावर बसलेल्या पालकांनाही समजू लागले आहे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, एक फेरी पळालेली जोडी कोणी लगेच पुन्हा जुंपत नाही.

गेल्या हंगामातील शेजारच्या तालुक्याविरुद्धच्या सामन्यात हे सगळे एकत्र दिसले. चौथे सत्र सुरू होताना आपल्याकडे सहा गुणांची आघाडी होती. चेंडू घेऊन येणारा मुलगा दोनदा म्हणाला, "सर, मले दोन मिनिटं बसू द्या." सर म्हणाले, "थांब थोडा." शेवटी त्यांनी बदली खेळाडूला उठवले, तेव्हा पंचांनी फ्री थ्रोसाठी (फाउलबद्दल मिळणाऱ्या मुक्त फेकीसाठी) चेंडू समोरच्या खेळाडूच्या हाती दिलेला होता. चेंडू हाती गेला की बदलीची संधी संपते, म्हणून तो मुलगा बनियन चड्डीत खोचत गुणलेखकाच्या टेबलापाशी तसाच उभा राहिला. शेवटचा फ्री थ्रो पडला असता तर पुन्हा संधी होती. तो हुकला आणि खेळ चालू राहिला. अखेरची दोन मिनिटे सोडल्यास बास्केट झाल्यावर घड्याळ थांबत नाही, त्यामुळे समोरच्यांनी धावत धावत दोन बास्केट केल्या तरी आपला ताजा खेळाडू टेबलापाशीच होता. टाइम-आउट, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवून घेतलेली विश्रांती, घेतला असता तर बदलीही झाली असती. दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइम-आउट मिळतात, पण अखेरच्या दोन मिनिटांत त्यांतील जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. सरांनी तिन्ही राखून ठेवल्याने एक आपोआप वाया गेला. मग त्यांनी घाईने एकदम चार जण बदलले. थंड अंगाने उतरलेल्या मुलांकडून पहिलाच पास बाहेर गेला आणि सामना हातचा गेला.

काही पालकांचे म्हणणे असे की तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण चढायची असेल आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांची आस असेल, तर उत्तम पाच जणांनाच खेळवावे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण दमलेला उत्तम खेळाडू त्या घटकेला उत्तम राहत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या संघात दमलेला खेळाडू मूठ वर करून खूण करीत असे, आणि दम परत आला की स्वतःहून मैदानात परतण्याची त्याला मुभा असे. अशी खूण ठरवायला आपल्याला एक रुपयाही लागणार नाही.

फाउलच्या बाबतीत मात्र मी सरांच्या बाजूने आहे. पाचव्या फाउलला खेळाडू बाद होतो, म्हणून चार फाउल झालेल्या मुलाला त्यांनी एका सामन्यात अखेरच्या पाच मिनिटांपर्यंत बसवून ठेवले, तेव्हा आमच्यातील कित्येकांनी आरडाओरड केली. परंतु तो ताजा उतरला आणि शेवटचे तीन रिबाउंड (हुकून परत आलेले चेंडू) त्यानेच घेतले. पहिल्या सत्रात दोन फाउल होताच मध्यंतरापर्यंत बसवणे हा त्याच सावधगिरीचा अतिरेक आहे, कारण खेळण्याचा जो वेळ आपण पंचांकडून वाचवू पाहतो तो स्वतःच काढून घेतो.

पालकांच्या बैठकीत विचारले तेव्हा सर रागावले नाहीत. दुसरी फळी अजून तयार नाही, असे ते म्हणाले. ती तयार होण्यासाठी मैत्रीपूर्ण सामन्यांत तरी दुसरे सत्र पूर्णपणे त्या मुलांना द्यावे, अशी सूचना आम्ही केली आणि दिवाळीनंतरच्या सामन्यांत ती अमलात आणण्याचे त्यांनी कबूल केले आहे. चौदा वर्षांखालील मुलामुलींना येथे निःशंकपणे पाठवावे, कारण त्या वयात सरावच महत्त्वाचा. सतराखालील गटात प्रवेश घेणाऱ्यांनी मात्र पैसे भरण्यापूर्वी एखादा सामना पाहावा आणि बाकावरची मुले तिसऱ्या सत्रात उठतात की नाहीत, तेवढे बघून घ्यावे.