सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ घेऊ नका, माझे 6,498 रुपये गेले

बाबा इन्सुलिनवर आहेत. दिवसातून चार वेळा टोचून बोटांची टोकं राठ झालीत, सुई दिसली की हात मागे घेतात. ज्याच्या घरी हे आहे त्याला कळेल मी ती जाहिरात का उघडली. मी बँकेत आहे, ओटीपी देऊ नका म्हणून रोज लोकांना बजावते. पण पांढऱ्या कोटातला माणूस स्वच्छ मराठीत समजावून सांगत होता. घड्याळाचे 4,999, वर ॲप चालू करायचे 1,499.

पहिल्याच रात्री कळायला हवं होतं. घड्याळ काढून गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवलं होतं. मागे हिरवा दिवा चालू आणि स्क्रीनवर 112. टॉवेलची शुगर 112! मी डोळ्यांनी बघितलं आणि म्हटलं, मघाचंच रीडिंग असेल. त्या क्षणाचा आजही संताप होतो. शिरा खाण्याआधी 118, खाल्ल्यावर 121. आम्ही खूश!

बाराव्या दिवशी पहाटे तीनला बाबा घामाने निथळत होते, हात थरथरत होते. घड्याळात 126. आई ओरडली, "अगं, ते राहू दे, जुनं मशीन आण!" ग्लुकोमीटरवर 52, म्हणजे शुगर धोकादायक खाली. साखरेचं पाणी पाजलं म्हणून सावरले.

तो हिरवा दिवा नाडी मोजतो, साखर नाही. दंडावर लावायचा सेन्सर खरा, पण त्याचीही बारीक तार कातडीखाली जातेच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, 21 फेब्रुवारी 2024 लाच बजावलं होतं की, न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही. मला हे नंतर कळलं.

पोलिस ठाण्यात तीन चकरा मारल्या. "वस्तू मिळाली ना ताई? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." मंचात जायचं तर बिलावर विकणाऱ्याचा पत्ताच नाही. औषध खात्याच्या कार्यालयात साहेबांनी खोक्यावरची बारीक अक्षरं दाखवली, 'वैद्यकीय वापरासाठी नाही', आणि फाइल परत केली. अहो, जाहिरातीत डायबिटीस, खोक्यावर वेलनेस, हीच तर लबाडी! 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आहेत, मग हे कुणी बघायचं? बाबांना काही झालं असतं तर फाइल घेतली असती का?

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी आठवडा घालवला. खोकं, बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट टाकू नका. आणि घरात असं घड्याळ आलंच असेल तर त्याच्या आकड्यावर इन्सुलिनचं एक युनिटही कमी-जास्त करू नका. आजच टॉवेलला बांधून बघा.