जुना मॅक रिकामा करायचाय: फाइल शेअरिंग की टार्गेट डिस्क मोड?

जुन्या इंटेल मॅकमधलं (म्हणजे इंटेलची चिप असलेल्या मॅकमधलं) सगळं नव्या मॅकवर आणायचं असेल, तर मधे पोर्टेबल ड्राइव्ह लागतेच असं नाही. दोन्ही मशीन चालू ठेवून वायफायवर फाइल शेअरिंग करता येतं. नाहीतर दोन्ही केबलने जोडून जुनं मशीन 'टी' दाबून धरत चालू करायचं. मग ते टार्गेट डिस्क मोडमध्ये जातं आणि नव्या मॅकला बाहेरून लावलेली डिस्क म्हणूनच दिसतं.

रोज दोन-चार फाइली इकडच्या तिकडे करायच्या असतील, तर शेअरिंगच बरं. वायर शोधायला नको, जुन्या मशीनवर कामही चालू राहतं.

अख्खं बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की गोष्ट वेगळी. माझ्या जुन्या मॅकवर दिवाळी अंकांच्या मांडणीची कित्येक वर्षांची कामं होती, त्यातली बरीचशी दुसऱ्या यूजर अकाउंटमध्ये. शेअरिंगवरून कॉपी लावली की आधी बराच वेळ नुसती तयारी, आणि मग मधेच एखाद्या फोल्डरपाशी 'परवानगी नाही' असा निरोप. कॉपी तिथेच थांबते. काय आलं, काय राहिलं, ते एकेक फोल्डर उघडून ताडून बघायचं. वेग कमी असता तर मी रात्रभर कॉपी लावून ठेवली असती, पण हे सकाळी उठून निस्तरणं मला सोसेना.

टार्गेट डिस्क मोडमध्येही त्याच फोल्डरांवर लाल खूण दिसली. पण इथे ती डिस्क निवडून कमांड-आय दाबायचं, खाली कुलूप उघडायचं आणि 'इग्नोअर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम'वर टिक करायची. खुणा गेल्या आणि कॉपी एका दमात पार पडली. शेअरिंगवर ही सोय नाही. शिवाय जुन्याची सिस्टीम सुरूच होत नसली तरी हा मोड बहुधा चालतो, आणि डिस्क युटिलिटी या मॅकमधल्याच अ‍ॅपमधून फर्स्ट एड, म्हणजे डिस्कची तपासणी-दुरुस्तीही, चालवता येतं.

पथ्यं आहेत. चार्जरसोबतची पांढरी यूएसबी-सी केबल चालत नाही, थंडरबोल्टची किंवा डेटा वेगाने नेणारी यूएसबी-सी लागते. फर्मवेअर पासवर्ड (मशीन दुसऱ्या पद्धतीने सुरू करू न देणारा) असेल तर आधी काढा. फाइलव्हॉल्ट, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, असेल तर पासवर्ड नव्या मशीनवर टाकायचा. कॅटालिना (मॅकओएस १०.१५) किंवा नंतरची सिस्टीम असेल तर आपल्या फाइली 'डेटा' नावाच्या व्हॉल्यूममध्ये सापडतील.

जुना मॅकही एम मालिकेतलाच (अ‍ॅपलची स्वतःची चिप असलेला) असेल, तर 'टी'चा उपयोग नाही. तिथे रिकव्हरीमधलं (दुरुस्तीसाठी मशीन वेगळ्या पद्धतीने सुरू केल्यावर येणाऱ्या पडद्यावरचं) 'शेअर डिस्क' वापरायचं. तेही केबलवरच चालतं, पण समोर नेटवर्कवरचं फोल्डर येतं, डिस्क युटिलिटीला ते दिसत नाही.

थोडंसंच हलवायचं असेल, तर केवळ एवढ्यासाठी महागडी केबल घ्या असं मी म्हणणार नाही. पण जुन्यावर एकापेक्षा जास्त अकाउंट असतील, तर कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणा.