सिबिल खराब आणि पोरीचं नर्सिंग: एज्युकेशन लोन की सोनं तारण?

रावेरकडच्या एका ओळखीच्यांनी विचारलं, पोरीला जळगावला जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) टाकायचंय पण पीक कर्ज थकलं, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पार बसलंय, आता काय करू.

पैसे मिळण्याचं बघितलं तर सोनं तारण सोपं, सिबिल फारसं आड येत नाही आणि बऱ्याचदा त्याच दिवशी काम होतं. फक्त दागिन्यातले खडे, आत भरलेली लाख वजा करून निव्वळ सोन्याचीच किंमत धरतात, सराफाला दिलेली मजुरी विसरा. एज्युकेशन लोनमध्ये बाप सहकर्जदार, म्हणून गाडी तिथेच अडते. 4 लाखांपर्यंत तारण सहसा मागत नाहीत, पण सिबिल बघतातच. काही बँका मामा-काकाला सहकर्जदार घेतात, हे आधी मॅनेजरला विचारा.

खरा फरक फेडताना. जीएनएम 3 वर्षांचं, एज्युकेशन लोनचा हप्ता साधारण कोर्स संपून वर्षभराने सुरू होतो, व्याज मात्र पहिल्यापासून चढतं. सोनं तारण बहुतेक वर्षाचं, दरवर्षी व्याज भरून पुढच्या वर्षासाठी नवं करून घ्यायचं, आणि केळीचा भाव पडला त्या वर्षी चुकलं तर नोटीस, मग लिलाव.

कागदपत्रांचं काय सांगू, लोनला चकरा आहेतच. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते मात्र दोन्हीकडे बघा.

मामाचं सिबिल चांगलं असेल तर लोनच घ्या. ज्यांची पहिल्या वर्षाची फी अडलीय आणि केळीची पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) दोन-चार महिन्यांत येणार आहे, त्यांनी सोनं ठेवावं, तेही तेवढ्यापुरतंच.