चेंबर आधीच फुटलेला होता: जॉर्जियात भाड्याच्या गाडीपायी गेलेले ६६,५१० रुपये

मे महिन्याच्या सुट्टीत जॉर्जियाला जाऊन स्वतः गाडी चालवायची असं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचा. आमचे ६६,५१० रुपये गेले आणि आजपर्यंत कुणीही ते परत मिळवून दिलेले नाहीत. भाड्याच्या गाडीवरचा जुना ओरखडा आपल्या माथी मारतात हे सगळ्यांना माहीत असतं. आम्हालाही माहीत होतं. म्हणूनच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला, चारही टायर, काचा, आरसे, स्टेपनी, सगळं त्यात घेतलं. फसवलं ते जिथे व्हिडिओ पोचत नाही तिथे, गाडीच्या पोटाखाली, इंजिनाचं तेल साठवणाऱ्या चेंबरमध्ये.

मी, नवरा आणि माझा धाकटा दीर. तिघेही सह्याद्रीत वाढलेले, डोंगरासाठीच गेलो होतो. राजधानी तिबिलिसीत एका वेबसाइटवरून छोटी एसयूव्ही घेतली, दिवसाला ४५ डॉलर. त्यावर दिवसाला १२ डॉलरचं 'फुल कव्हर' घेतलं, कारण परक्या देशात, उजव्या बाजूने गाडी चालवताना डोक्याला ताप नको. कार्डावर ५०० लारी (जॉर्जियाचं चलन) डिपॉझिट अडकवलं. लारी तेव्हा साधारण ३२ रुपयांना पडत होती.

गाडी द्यायला आलेला मुलगा इतका काटेकोर होता की विचारू नका. दारावरची नखाएवढी चीर त्याने स्वतःहून दाखवली, कागदावरच्या गाडीच्या चित्रावर खूण केली, नवऱ्याची सही घेतली. खोटं वागायचं असतं तर हा माणूस आपणहून ओरखडे कशाला दाखवेल, असंच कुणालाही वाटेल. आणि तेवढ्यात दिराने हाक मारली, "वहिनी, इकडे या जरा. हा पुठ्ठा का टाकलाय खाली?"

इंजिनाच्या बरोबर खाली, खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा होता आणि त्यावर तळहाताएवढा काळा डाग. त्या मुलाने पायाने पुठ्ठा बाजूला सरकवला आणि म्हणाला, एसीचं पाणी. लगेच गाडीत बसून रेडिओ कसा लावायचा ते दाखवायला लागला. इंजिन तर आम्ही येण्याआधीपासूनच चालू ठेवलेलं होतं, म्हणजे बॉनेट उघडून ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघायचा प्रश्नच नाही.

मला आजही रात्री झोपेतून जाग येते ती या पुठ्ठ्यामुळे. सप्टेंबरअखेरची सकाळ, अंगात स्वेटर, एसी कोण लावणार? आणि एसीचं पाणी काळं कधीपासून असतं? पण मला सांगा, कागदावर सही चालू आहे, बॅगा चढताहेत, समोरचा गोड बोलतोय, अशा वेळी जमिनीवर झोपून गाडीच्या खाली कोण बघतं? पुण्यात टॅक्सीत बसताना तुम्ही बघता? दीर स्वतःची बुलेट खोलून पुन्हा बसवणारा आहे, त्याला शंका आली, त्याने विचारलं. विचारल्यावर तोंडावर खोटं उत्तर मिळालं. यात आमचा दोष मी मान्य करणार नाही.

पुढचा प्रवास सुंदर झाला, तेही लिहायलाच हवं. तिबिलिसीहून काझबेगी हे डोंगरातलं गाव जेमतेम दीडशे किलोमीटर. झिनवालीचं धरण, अनानुरीचा किल्ला, गुदाउरीचे घाट. गेर्गेतीच्या चर्चपर्यंत, २,१७० मीटरवर, आता डांबरी रस्ता जातो, पण आम्ही गाडी खाली गावात लावून पायवाटेनेच चढलो. वर पोचलो तेव्हा काझबेक शिखरावर एकही ढग नव्हता. जुटा गावी चाउखीचे सुळके बघायला गेलो तेही आमच्या गाडीने नाही. करारात कच्चा रस्ता मना होता, म्हणून काझबेगीच्या चौकातून डेलिका केली. तिकडे सगळे डोंगरी टॅक्सीवाले त्याच जपानी फोर बाय फोर चालवतात. त्याचे वेगळे पैसे मोजले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर आमच्यावर आरोप झाला तो दगडधोंड्यांतून गाडी घातल्याचा.

परतताना कोबी गाव सोडल्यावर ज्वारी खिंडीचा चढ लागतो, जवळपास २,४०० मीटरपर्यंत. हाच रस्ता उलट दिशेला लार्सीला रशियाच्या हद्दीवर जातो, त्यामुळे अवजड ट्रकांची रांग संपत नाही. चढावर डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. नवऱ्याने त्या क्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. लाल दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं, तसंच दामटलं तर इंजिन जाम होतं. म्हणजे त्यांचं इंजिन आम्ही वाचवलं. रस्त्यालगत खनिज पाण्याने नारिंगी झालेला खडक आहे, लोक फोटोला थांबतात, तिथे आम्ही थंडीत कुडकुडत उभे.

कंपनीला फोन केला. नवऱ्याने विचारलं, ११२ ला कळवू का? तिकडून ठाम उत्तर आलं, "अपघात नाही, पोलीस कशाला? आमचा माणूस येतोय." हे सगळं तोंडी. आधीचा प्रत्येक निरोप व्हॉट्सअॅपवर लिहून देणारी माणसं बरोबर या वेळी फक्त फोनवर बोलली. तुमच्यावर ही वेळ आली तर फोन ठेवल्याबरोबर तेच बोलणं मेसेजमध्ये टाका, 'तुम्ही पोलिसांना बोलावू नका म्हणालात, बरोबर ना?' उत्तर आलं नाही तर सरळ ११२ लावा.

टोइंगवाला आला, गाडी चढवायच्या आधीच ३५० लारी मागितले, रोख, पावती नाही. म्हणजे ११,२०० रुपये. गाडी वर घेताना दीर मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकला. ऑइलच्या चेंबरला तडा होता आणि त्या तड्याभोवती करड्या लांबीचा, म्हणजे पुटीचा, थर, आपण एम-सील लावतो तसा, कडक झालेला, त्यावर धुळीची पुटं चढलेली. ती लांबी एका कडेने सुटून तिथून तेल गळत होतं. ताजा दगड लागलेला चेंबर असा दिसत नाही. कुणीतरी जुना फुटका चेंबर लिंपून गाडी भाड्याने दिली होती, चढावर इंजिन तापलं, तेल पातळ झालं आणि ठिगळ सुटलं. दिराने एक फोटो काढला, दुसरा काढायच्या आत त्या माणसाने त्याला बाजूला केलं.

तिबिलिसीत बिल समोर आलं. चेंबर आणि मजुरी १,१८० लारी, तेल आणि फिल्टर १००, गाडी बंद राहणार म्हणून रोजचे १२० प्रमाणे ३६०. एकूण १,६४०. कव्हर? गाडीचा खालचा भाग, टायर आणि काचा त्यात येतच नाहीत, हे करारात मुंगीएवढ्या अक्षरात. शिवाय पोलिसांचा कागद नसेल तर कव्हर रद्द, हेही त्याच करारात. ज्यांनी पोलीस नको सांगितलं तेच आता पोलिसांचा कागद मागत होते. लांबीचा फोटो दाखवला तर म्हणाले, ही आमची गाडी कशावरून? पुण्याला आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला फोन लावला, तो म्हणाला, अशा गाडीचं चेंबर मजुरीसकट सहा-सात हजारांत बसतं.

तरी पैसे दिले, कारण आमचं विमान पहाटे तीनचं होतं. पैसे न भरता गेलात तर तक्रार करू, विमानतळावर अडवतील, असं कंपनीचा माणूस आवाज न चढवता सांगत होता. गाडी परत करायची वेळ विमानाच्या आदल्या दिवशी सकाळची ठेवा, त्याच दिवशीची कधीच नाही. त्यांचं सगळं बळ तुमच्या तिकिटावरच्या वेळेत असतं. डिपॉझिटचे ५०० लारी त्यांनी वळते केले, बँकेच्या शुल्कासकट १६,६६० रुपये. उरलेल्या १,१४० साठी कार्ड घेतलं आणि मशीनवर रुपये की लारी हा पर्याय त्याने स्वतःच दाबला, रुपये. त्या दराने ३८,६५० गेले, लारीत घेतले असते तर कमी गेले असते. मशीन आपल्या हातात घ्या आणि नेहमी तिथल्याच चलनात पैसे द्या.

पैसे भरायच्या आधी पोलिसांकडे गेलो होतो. तिथला अधिकारी सभ्य होता, खुर्ची दिली, फोनवर भाषांतर करून बोलला. सगळं ऐकून म्हणाला, हा कराराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. मी विचारलं, विमानतळावर अडवतील का? त्यावर हो नाही की नाही नाही. एवढं एक वाक्य त्याने बोललं असतं तर आम्ही पैसे न देता निघून गेलो असतो. परदेशातल्या भारतीयांसाठीच्या नंबरवर फोन केला, ई-मेल करा म्हणाले. केला. उत्तर पुण्यात पोचल्यावर आलं, 'स्थानिक कायदेशीर सल्ला घ्यावा.' वेबसाइटवाले म्हणाले, आम्ही फक्त मध्यस्थ. मग १२ डॉलरचं कव्हर विकताना मध्यस्थ नव्हते का? प्रवासविमा कंपनीला भाड्याच्या गाडीचं नुकसान चालत नाही. ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी विक्रेत्याचा भारतातला पत्ता विचारला, नाही म्हटल्यावर तक्रारच नोंदवता येईना. आणि बँक! फोटो, करार, सगळं पाठवलं. तिने ते दुकानदाराकडे पाठवलं, दुकानदाराने नवऱ्याची सही असलेली स्लिप पाठवली, बँकेने ती वाचून तक्रार बंद केली. 'व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला आहे.' पिन कुठल्या परिस्थितीत टाकला, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. प्रत्येकाने आमचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं. तो भामटा निदान समोर उभा राहून पैसे मागत होता, या माणसांना तर आमच्याशी दोन मिनिटं नीट बोलायचीही तसदी नको होती.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा तक्रार फेटाळली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट तक्रार करता येते. आम्ही ती केली आहे. स्लिपवर सही करायची पाळी आलीच तर सहीशेजारी 'हरकत नोंदवून' असं इंग्रजीत (under protest) लिहा आणि त्याचा फोटो घ्या. आमच्याकडे तेवढा कागद असता तर बँकेला इतक्या सहज हात झटकता आले नसते.

गाडी घेताना इंजिन बंद आणि थंड असू द्या, पट्टी काढून ऑइल बघा, मोबाइल जमिनीलगत धरून खालचा व्हिडिओ घ्या, गाडी दोन हात पुढे घ्यायला लावून जमीन बघा. देणारा कुरकुरला तर ती गाडी घेऊ नका. कव्हर घेताना 'खालचा भाग धरलेला आहे का' एवढं एकच विचारा, उत्तर लेखी घ्या.

आमच्या पहिल्या फोटोत त्या पुठ्ठ्याचा एक कोपरा आलेला आहे, डागासकट. तो फोटो जोडून आम्ही वेबसाइटवर अभिप्राय लिहिला होता. 'नियमांत बसत नाही' म्हणून तो काढून टाकला. तीच गाडी, त्याच नंबरची, परवा बघितली तर मे महिन्यासाठी ४५ डॉलरलाच उपलब्ध दाखवत होती.