रक्त पातळ करण्याची गोळी: जुनी घ्यावी की नवी?

हृदयात धातूची झडप बसवलेली असेल, किंवा ऱ्हुमॅटिक तापामुळे मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तर निवडीचा प्रश्नच नाही. तिथे वॉरफेरिन किंवा असिट्रोम या जुन्या गोळ्याच. पण ठोके अनियमित पडतात किंवा पायात गुठळी झाली आहे म्हणून गोळी लागली, की डॉक्टर बहुतेकदा दोन्ही पर्याय सांगतात. मी नर्स म्हणून घरोघरी रुग्ण पाहते आणि तेव्हा नातेवाइकांना आधी विचारते: गोळी रोज हातात कोण देणार?

जुनी गोळी स्वस्त, पण तिच्यामागे आयएनआर आला, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ततपासणी. बहुतेकांचा तो 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. पुण्यात घरी येऊन रक्त नेणारे सहज मिळतात, ती अडचण नाही. खरी कसरत रिपोर्टनंतर सुरू होते. ‘सोमवार-गुरुवार अर्धी, बाकी दिवस एक’ असा डोस बदलला की तो त्याच दिवशी कालनिर्णयवर लिहायला हवा, नाहीतर आजी जुन्याच सवयीने गोळी घेतात. थंडीत मंडईत मेथी स्वस्त होते, रोज ताटात येते आणि आयएनआर खाली जातो. भाजी बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा. अँटिबायोटिक सुरू झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

नव्या गोळ्यांना ही तपासणी नाही. एपिक्सॅबॅन सकाळ-संध्याकाळ. रिव्हरोक्सॅबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच, एकादशीच्या रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही, गोळ्यांच्या डबीतही काढून ठेवायची नाही. नाकातून नळी असेल तर ही कॅप्सूल बादच, एपिक्सॅबॅन कुटून देता येते. किडनीची तपासणी मात्र चुकवू नका.

या सोयीत एक धोका आहे. आयएनआर बिघडला की कुठेतरी चुकतंय हे आकडा सांगतो. नवी गोळी दोनदा राहिली तर कुणालाच कळत नाही, आणि तिचा असर दिवसभरातच ओसरतो. कोथरूडमध्ये आजोबा एकटे, मुलं अमेरिकेत, अशा घरी मी नवी गोळीच सुचवते, पण रोज गोळ्यांच्या पाकिटातल्या रिकाम्या खाचा बघणारं माणूस ठरलं असेल तरच. तसं कुणी नसेल तर डॉक्टरांना ते मोकळेपणाने सांगा.

दोन्हींत कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक अशा दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. काळी शौच किंवा लाल लघवी झाली तर वाट पाहू नका. दात काढायचा म्हणून गोळी स्वतः थांबवू नका. डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालय गाठा. तिथे गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते सांगा: व्हिटॅमिन के वॉरफेरिन-असिट्रोमवर चालतं, नव्या गोळ्यांवर नाही.