डेटा एंट्रीच्या पार्ट टाइम कामात झालेली फसवणूक, कॉलेजवाल्यांनी पूर्ण वाचा

कॉलेज चालू असताना घरबसल्या कमवायचं म्हणून जे कोणी डेटा एंट्रीचं काम शोधतायत त्यांच्यासाठी लिहितेय. मी सेकंड इयरला असताना याच कामात माझे पैसे गेले, आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे नंतर बरेच दिवस फोन वाजला तरी छातीत धडधडायचं.

जॉब साइटवर रिझ्युमे टाकलेला, तिथून नंबर काढून एका मॅडमचा फोन आला. बोलणं एकदम व्यवस्थित, टायपिंग येतं का, रोज किती वेळ देता येईल, परीक्षा कधी आहे, सगळं आपुलकीने विचारलं. काम काय तर फोटोतले फॉर्म बघून तीच माहिती त्यांच्या पोर्टलवर टाइप करायची. ५०० फॉर्म, ठरलेली मुदत, ९८ टक्के अ‍ॅक्युरसी. रजिस्ट्रेशन फी आधी भरायची, ती पहिल्या पेमेंटसोबत परत. मग अ‍ॅग्रीमेंटवर सही, आयडीची कॉपी आणि रेफरन्स म्हणून घरच्यांचे नंबर. हे नंबर कशाला लागतात ते नंतर कळतं.

आता ते ९८ टक्के नीट समजून घ्या, कारण खरी मेख तिथेच आहे. ऐकताना वाटतं शंभरात दोन चुका चालतील, सोपं आहे. पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये आत कुठेतरी लिहिलेलं असतं की एक जरी चूक सापडली तरी तो अख्खा फॉर्म चुकीचा धरणार. म्हणजे ५०० पैकी १० च फॉर्म चुकलेले चालतात. एका फॉर्मात ३० रकाने धरले तर एकूण १५,००० रकाने झाले, त्यातला एकेक रकाना ११ वेगवेगळ्या फॉर्मांत चुकला की तुम्ही फेल, म्हणजे ९९.९ टक्के बरोबर टाइप करूनही फेल! त्यात फोटो धूसर, शून्य आहे का इंग्रजी ओ आहे कळत नाही, मधेच दोन स्पेस, स्पेलिंग चुकीचं असलं तरी तसंच ठेवायचं. आणि क्यूसी रिपोर्ट, म्हणजे काम तपासून किती बरोबर आलं ते सांगणारा रिपोर्ट, बनवणार तेच, कुठला फॉर्म चुकला ते विचारलं तर दाखवत नाहीत, नुसता टक्क्यांचा आकडा पाठवतात. मी प्रत्येक फॉर्म पुन्हा तपासून सबमिट केला होता तरी फेलच दाखवलं. मुळात फोटोतलं अक्षर वाचणारं सॉफ्टवेअर आज साध्या मोबाईलमध्ये फुकट मिळतं, मग एवढे पैसे देऊन कोण टाइप करून घेईल, त्यांना ते फॉर्म नकोच असतात.

त्यांना हवी असते पेनल्टी. फेलचा मेल आला की लगेच सर्व्हर चार्ज, करार मोडल्याचा दंड, मग व्हॉट्सअ‍ॅपवर 'वकिलाची नोटीस', त्यावर कसलातरी शिक्का, संध्याकाळपर्यंत भरा नाहीतर पोलीस घरी येतील, कॉलेजला कळवू. मी घाबरून एक हप्ता भरला तर दुसऱ्या दिवशी अजून एक चार्ज निघाला. शेवटी मैत्रिणीच्या ताईने, ती लॉ करत होती, ती नोटीस वाचली. केस नंबर नाही, कोर्टाचं नाव नाही, वकिलाचा पत्ता नाही, आणि पैसे कुणाच्यातरी पर्सनल खात्यावर मागितलेले. ती म्हणाली, अगं टायपिंगचं काम पूर्ण झालं नाही म्हणून कोणाला अटक होत नसते, कराराचं भांडण असलंच तर ते दिवाणी कोर्टात जातं.

मी पैसे देणं बंद केल्यावर ते नवीनच सांगायला लागले, पेनल्टी माफ करतो, फक्त तुमचं बँक अकाउंट थोडे दिवस वापरायला द्या, वर कमिशनही देऊ. हे तर अजिबात म्हणजे अजिबात करू नका. त्या खात्यातून दुसऱ्या फसलेल्या लोकांचे पैसे फिरवतात, तक्रार झाली की खातं फ्रीझ होतं आणि पोलिसांना कागदावर नाव दिसतं ते तुमचं.

असा फोन तुम्हाला चालू असेल तर आधी घरी सांगा, कारण घरच्यांना माहीत नसतं यावरच त्यांची सगळी दमदाटी चालते. मी बाबांना सांगितलं आणि त्यांना फोन आला तेव्हा बाबांनी शांतपणे 'कोर्टात भेटू' म्हणून ठेवून दिला, परत फोन नाही. चॅट, अ‍ॅग्रीमेंट, पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, बँकेला आणि सायबर पोलिसांना लगेच कळवा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत जातात आणि अडवता येत नाहीत.

कमवायचंच असेल तर शिकवण्या, कॉलेजच्याच लॅब लायब्ररीतलं काम, ओळखीतून मिळालेलं डिझाईन किंवा प्रूफ तपासायचं काम, पैसे हळूहळू येतात पण येतात आणि सुरुवातीला तुम्हाला काही भरावं लागत नाही.

अजून एक, फसल्यावर काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असा फोन येऊ शकतो. मलाही आला होता, माझं नाव आणि गेलेली रक्कम दोन्ही त्याला बरोबर माहीत होतं. हे नंबर त्याच लोकांकडून पुढे विकले जातात असं मला वाटतं, तेव्हा तो कट करून सरळ ब्लॉक करा.