संमती मिळवून देणारी संस्था: नौपाड्यातील आमच्या सोसायटीचा आठ महिन्यांचा अनुभव

आमची सोसायटी ठाण्यातील नौपाड्यात आहे. तीन विंग, तळमजला अधिक तीन, एकूण ४८ सभासद, १९७९ सालचे बांधकाम आणि लिफ्ट नाही. पुनर्विकासाचा, म्हणजे जुनी इमारत पाडून विकासकाकडून नवी बांधून घेण्याचा, विषय यापूर्वी दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा सभेतल्या आरडाओरड्यात बुडाला, म्हणून तिसऱ्या वेळी कार्यकारिणीने असे ठरवले की सभासदांशी बोलून त्यांची संमती मिळवण्याचे काम आपण न करता ते काम जाणणाऱ्यांकडे सोपवावे. वागळे इस्टेटमधील एका जनसंपर्क संस्थेला दरमहा २५,००० रुपयांवर आम्ही नेमले. शेवटच्या दोन बिलांचा वाद अजून मिटलेला नसल्यामुळे संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. पण ठाण्यात सोसायट्यांना ही सेवा देऊ करणारे लोक आता वाढू लागले आहेत आणि तिच्यात काय मिळते, काय गमवावे लागते हे आधी कळलेले बरे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

संस्था नेमावी असे म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो, हेही सांगितले पाहिजे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्याच्या जनसंपर्क विभागात माझी २२ वर्षे गेली आहेत, आणि जनसंपर्क म्हणजे निव्वळ थापेबाजी असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. वायुगळतीच्या अफवेने गाव रस्त्यावर आले असताना खरी माहिती वेळेवर आणि कळेल अशा भाषेत पोहोचवणे हे कौशल्याचे काम आहे, आणि त्याला पैसे पडतात.

पहिले तीन महिने संस्थेने जे काम केले ते उत्तम होते. विकासकांकडून आलेले तीनही देकार एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडून दाखवले: वाढीव कार्पेट (घरातले वापरायचे क्षेत्रफळ) किती, कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) किती, बांधकामाच्या काळात विकासक देणार ते महिन्याचे भाडे किती, बँक गॅरंटी आहे की नाही. एका विकासकाने क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि दुसऱ्याने चौरस फुटांत दिले होते. संस्थेने सगळे १०.७६४ने गुणून एका मापात आणले, तेव्हा मोठा वाटणारा देकार प्रत्यक्षात लहान निघाला. मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत प्रश्नोत्तरांची पुस्तिका काढली. पीएमसीचा, म्हणजे सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराचा, फिजिबिलिटी रिपोर्ट (पुनर्विकास परवडेल का याचा अहवाल) आमच्यापैकी कोणीही पूर्ण वाचलेला नव्हता, तो त्यांनी आठ पानांत आणला, आणि त्यात सोसायटीच्या गैरसोयीचे मुद्देही जसेच्या तसे ठेवले.

त्यांचा एक तरुण कर्मचारी बी विंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेला तेव्हा मी तेथे होतो. काकू एकट्या राहतात. त्यांनी पुस्तिका बाजूला सारून थेट विचारले, “सही नाही केली तर मला घराबाहेर काढतील का रे?” त्या मुलाने घाई केली नाही. पायऱ्या चढताना त्यांचा गुडघा दुखतो, नव्या इमारतीत लिफ्ट असेल, हे तो बोलला, पण त्याआधी त्याने सांगितले की, “काकू, सही करायची की नाही हे तुमच्या हातात आहे. आज नका करू. भाच्याला कागद दाखवा, वकिलाला दाखवा, मग ठरवा.” लिफ्टचा उल्लेख हा भावनेला हात घालणाराच होता, तरी त्यात मला काहीही वावगे वाटले नाही. गुडघा खरा होता, लिफ्ट खरी होती, आणि नाही म्हणण्याची वाट त्याने स्वतःच दाखवून ठेवली होती.

मराठीत ‘पटवून देणे’ आणि ‘पटवणे’ हे दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि तरुण मुलांना तो फरक समजावून सांगावा लागत नाही. चौथ्या महिन्यापासून संस्था पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकली.

संस्था दर महिन्याला अहवाल देत असे आणि त्याला ‘संवाद आराखडा’ नावाचे परिशिष्ट जोडलेले असे. ते कोणी लपवले नव्हते. आम्हीच तीन महिने उघडून पाहिले नाही, आणि याचा दोष कार्यकारिणीचा, म्हणजे माझाही आहे. त्या तक्त्यात सदनिका क्रमांकांपुढे ‘अनुकूल’, ‘काठावर’, ‘विरोधी’ अशी वर्गवारी होती. त्यापुढे ‘महत्त्वाचा मुद्दा’ हा रकाना होता: कोणाला पार्किंग, कोणाला मुलाच्या लग्नाआधी वाढीव खोली, कोणाला लिफ्ट. येथवर माझी हरकत नाही. श्रोता ओळखून बोलणे हे कीर्तनकारही करतो. खटकला तो शेवटचा रकाना. त्याचे शीर्षक होते ‘काय काढू नये’. सत्तरीच्या वरच्या सभासदांपुढे त्यात लिहिले होते: ‘बांधकामाचा कालावधी, भाडे थकण्याची शक्यता. विचारल्यासच उत्तर द्यावे.’

७४ वर्षांच्या माणसाला तीन-चार वर्षे भाड्याच्या घरात राहावे लागेल आणि मधेच भाडे थांबले तर काय, हा त्याच्या दृष्टीने या व्यवहारातील सर्वांत मोठा प्रश्न आहे. नेमका तोच प्रश्न, नेमका त्याच माणसापुढे काढायचा नाही, असे लेखी ठरवले गेले होते. यात एकही खोटे वाक्य नाही. माझ्या मते मन वळवणे जिथे संपते आणि माणसाला गुंडाळणे जिथे सुरू होते ती रेषा त्या रकान्याच्या डाव्या कडेवर आहे. पहिले तीन रकाने मी त्या सभासदाला त्याच्या घरी बसून दाखवू शकलो असतो. तो हसला असता, कदाचित चिडलाही असता, पण त्याचे मत बदलले नसते. चौथा रकाना दाखवला असता तर त्याने सही मागे घेतली असती. जी युक्ती उघड सांगितल्यावरही चालते आणि जी सांगताच मोडते, त्या दोहोंत मी तरी असाच फरक करतो.

त्यानंतरच्या गोष्टी अधिक ढोबळ होत्या. पाचव्या महिन्याच्या सादरीकरणात पहिल्याच स्लाइडवर कोसळलेल्या इमारतीचे छायाचित्र होते आणि खाली ‘आपल्या ठाण्यात’ एवढेच लिहिले होते. ते छायाचित्र शिळफाट्याजवळच्या, ४ एप्रिल २०१३ रोजी पडलेल्या इमारतीचे होते. त्या दुर्घटनेत सत्तरहून अधिक माणसे गेली, पण ती इमारत जुनी नव्हती; ती अनधिकृत होती आणि तिचे बांधकाम चालू असतानाच ती कोसळली. म्हणजे घाईघाईने आणि निकृष्ट केलेल्या नव्या बांधकामाचे ते उदाहरण जुन्या बांधकामाची भीती घालण्यासाठी वापरले गेले. भीती दाखवणे मुळातच चूक आहे असे मी म्हणणार नाही. २०१५च्या ऑगस्टमध्ये याच नौपाड्यात, बी केबिनजवळ, खरोखरच एक जुनी इमारत रात्री कोसळली होती आणि ती आठवण काढण्याचा अधिकार कोणालाही आहे. पण महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची जी यादी काढते, तिच्यात सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची इमारत, आणि आमची इमारत सी-२बी मध्ये, म्हणजे रहिवासी आत असताना दुरुस्ती करता येईल अशा वर्गात आहे. ही माहिती त्याच संस्थेने काढलेल्या पुस्तिकेच्या सहाव्या पानावर होती. स्लाइडवर ती नव्हती.

मग जिन्यापाशी हिरवा-लाल फलक लागला. ‘४८ पैकी ४१ कुटुंबे सोबत’ असे त्यावर होते आणि उरलेल्या सात सदनिकांचे क्रमांक लाल रंगात होते. सचिवांच्या कपाटातील वहीत त्या दिवशी लेखी संमतीपत्रे २१ होती. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासकाच्या निवडीसाठीच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर असावे लागतात आणि निवडीला ५१ टक्के सभासदांची लेखी संमती लागते. आमच्या बाबतीत हे आकडे ३२ आणि २५ असे येतात. २१ म्हणजे अजून चार कमी. फलक लागल्यानंतरच्या दहा दिवसांत नऊ सह्या आल्या. त्यांतील दोघांनी मला नंतर सांगितले की, सगळ्यांनी केलीच आहे तर आपण एकटे वाईट कशाला व्हायचे, म्हणून केली. संस्थेच्या संचालकांना विचारले तेव्हा उत्तर आले की तोंडी होकार धरून ४१ होतात. ‘देकाराची मुदत अक्षय्य तृतीयेपर्यंतच’ असा व्हॉट्सअॅप संदेशही याच काळातला. विकासकाला फोन केला तर त्याला अशी काही मुदत असल्याचे ठाऊकच नव्हते. ऑनलाइन विक्रीत ग्राहकाला फसवण्याचे जे १३ प्रकार केंद्राच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदले आहेत, त्यांत खोटी निकड हा एक आहे. त्या सूचना ऑनलाइन मंचांसाठी आहेत, सोसायटीच्या जिन्यासाठी नाहीत, पण जात तीच.

एवढे होऊनही मी कदाचित समजूत देऊन काम पुढे चालू ठेवले असते. ते थांबले दुसऱ्या कारणाने. एका बैठकीत मी सहज विचारले की, एवढ्या छपाईचा खर्च आमच्या २५,००० रुपयांत कसा भागतो. संचालकांनी जराही न संकोचता सांगितले की, विकासकही त्यांना प्रत्येक संमतीपत्रामागे ४,००० रुपये देतो. “त्यात लपवण्यासारखे काय आहे, साहेब?” ते म्हणाले. मग पत्रकांवर तसे का छापले नाही, यावर त्यांचे म्हणणे असे की, लोकांचा उगाच गैरसमज होतो.

या व्यवसायातला सर्वांत जुना प्रश्न हाच आहे. अमेरिकेत आयव्ही ली या सुरुवातीच्या जनसंपर्क व्यावसायिकाने १९०६ साली वृत्तपत्रांना जे तत्त्वांचे निवेदन पाठवले, त्याचा गाभा हा होता की आमचे काम उघड्यावर चालेल, आणि ते कोणासाठी चालले आहे हे लपवले जाणार नाही. दुसऱ्या टोकाला त्याच व्यवसायातले एडवर्ड बर्नेज. १९२९ सालच्या ईस्टरच्या मिरवणुकीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींनी सिगारेटी पेटवल्या आणि वृत्तपत्रांनी ती स्त्रीस्वातंत्र्याची कृती म्हणून छापली. त्यामागे एका तंबाखू कंपनीचे पैसे आणि बर्नेज यांची योजना होती. पुढे १९४७ साली त्यांनीच आपल्या कामाला ‘संमतीचे अभियांत्रिकी’ म्हटले. पुनर्विकासाच्या धंद्यात तो शब्द किती अक्षरशः लागू पडतो, हे त्यांच्या कल्पनेत आले नसेल. त्या मुलींच्या हातातील सिगारेटीत दोष कमी-जास्त असेल, पण पैसे कोणाचे हे बघणाऱ्याला कळले असते तर ती मिरवणूक मिरवणूक राहिली नसती, जाहिरात झाली असती. आमच्या काकूंशी बोलणारा मुलगाही, त्याला स्वतःला ठाऊक असो वा नसो, ४,००० रुपयांच्या कागदासाठी बोलत होता, आणि त्याने दिलेला सल्ला प्रामाणिक होता म्हणून ही गोष्ट माफ होत नाही.

संस्थेच्या स्वागतकक्षात २१ एप्रिलच्या राष्ट्रीय जनसंपर्क दिनाला केक कापल्याचे छायाचित्र लावलेले आहे. १९६८ साली त्याच तारखेला भारतीय जनसंपर्क संस्थेने, म्हणजे पीआरएसआयने, अथेन्सची आचारसंहिता, म्हणजे जनसंपर्क व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता, स्वीकारली होती. माणसाचा स्वतःच्या इच्छेवर ताबा राहणार नाही अशा क्लृप्त्या वापरू नयेत, आणि सत्याला इतर गरजांपुढे दुय्यम करू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. पण ती संहिता मोडली म्हणून कोणाचे दुकान बंद होत नाही. वकिलाची सनद जाऊ शकते, डॉक्टरची नोंदणी रद्द होऊ शकते. जनसंपर्क व्यावसायिकाला आपल्याकडे परवानाच लागत नाही, त्यामुळे काढून घ्यायचे काय हा प्रश्न आहे. उरतो तो करार.

म्हणून कराराविषयी. एवढे कडू लिहूनही अशी सेवा घेऊ नका असे मी सांगणार नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांतले काम आम्हाला स्वतःला जमले नसते. पुन्हा नेमायचे झाले तर, संस्था दुसऱ्या कोणाकडूनही पैसे घेणार नाही किंवा घेत असल्यास प्रत्येक कागदावर छापील, हे पहिले कलम असेल. मानधन ठरावीक असेल, सह्यांच्या संख्येवर अजिबात नसेल. फलकावर जाणारा प्रत्येक आकडा सचिवांच्या वहीतून घेतला जाईल. आणि आराखड्याची प्रत केवळ कार्यकारिणीला न देता सूचनाफलकावर लागेल. मग शेवटचा रकाना कोण कसा लिहितो ते पाहू.

गुण द्यायचे तर लेखनाला आणि मांडणीला पाचपैकी साडेचार, त्या तरुण कर्मचाऱ्याला पूर्ण पाच, आणि सेवेला एकूण दीड.

आम्ही करार संपवला, फलक उतरवला आणि आधीची सगळी संमतीपत्रे रद्द करून नवी मागवली. सोबत एक पान जोडले, त्यात इमारतीचा सी-२बी वर्ग, बांधकामाचा कालावधी, भाडे थकल्यास बँक गॅरंटीतून किती महिने भागेल आणि आधीच्या संस्थेला विकासक पैसे देत होता, हे चारही मुद्दे आहेत. आजवर २३ सह्या परत आल्या आहेत, म्हणजे अजून दोन कमी, आणि कार्यकारिणीतील तिघे माझ्याशी धड बोलत नाहीत. काकूंची सही आली आहे; भाच्याने कागद वाचला, असे त्यांनी आवर्जून सांगितले.